जहाजाचा वळसा आणि लातूरचा सौदा

२ मार्च २०२४ रोजी 'रुबीमार' नावाचं मालवाहू जहाज तांबड्या समुद्रात बुडालं. येमेनच्या हुथी बंडखोरांनी डागलेलं क्षेपणास्त्र त्याला १८ फेब्रुवारीला लागलं होतं. त्यानंतर दोन आठवडे ते कलंडत, पाणी घेत तरंगत राहिलं. त्याच्या पोटात सुमारे २१ हजार टन अमोनियम फॉस्फेट सल्फेट होतं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात 'वीस-वीस-शून्य-तेरा' म्हणून जी गोणी मिळते, ती याच कुळातली. तो माल भारतात यायचा नव्हता, युरोपकडे चालला होता. पण त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर आणि पुन्हा हरभऱ्याच्या वेळी लातूर-नांदेडचे शेतकरी डीएपीसाठी दुकानादुकानांतून फिरले, त्या टंचाईचं एक कारण त्याच पाण्यात होतं.

जहाजं अडली की जगाचं काय होतं, यावर २०२० पासून ढीगभर लिहून झालं आहे. त्यातलं बहुतेक कंटेनरबद्दल आहे, आणि ते साहजिकही आहे. मोबाइल, कपडे, गाड्यांचे सुटे भाग कंटेनरमधून येतात, आणि लिहिणारेही बहुधा त्या वस्तू घेणाऱ्या शहरांतच राहतात. न्हावा शेवापासून पाचशे-सहाशे किलोमीटर आत असलेल्या लातूर-नांदेडचा समुद्राशी संबंध निराळा आहे. इथला शेतकरी विकत घेतो ते खत आणि त्याच्या सोयाबीनशी स्पर्धा करतं ते तेल कंटेनरमधून येत नाही. खत जहाजाच्या पोटात मोकळं ओतलेलं असतं, तेल टँकरमधून येतं. दुसरी गोष्ट अशी की, समुद्रातला धक्का इथे सरळ पोचत नाही. वाटेत दिल्ली लागते. आयात शुल्काची एखादी अधिसूचना, साठामर्यादेचा एखादा आदेश, वायदेबंदीला मिळालेली एखादी मुदतवाढ यांतून गाळून तो सौद्यावर येतो. गेल्या पाच हंगामांकडे पाहून माझं मत असं झालं आहे की ही गाळणी एकाच बाजूने काम करते. भाव चढवणारा धक्का तिच्यात अडकतो, पाडणारा आरपार जातो.

आधी समुद्राचं गणित. जगातल्या व्यापाराचा ८० टक्क्यांहून जास्त माल वजनाच्या हिशोबाने जहाजांतून जातो. भारताच्या बाबतीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि २९ मार्चला निघालं. जगाच्या व्यापाराचा साधारण १२ टक्के भाग ज्या वाटेने जातो ती सहा दिवस बंद होती. या घटनेचे विनोद आजही फिरतात. पण सहा दिवसांचा खोळंबा बाजार पचवतो. पचत नाही तो लांबलेला वळसा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी 'गॅलक्सी लीडर' हे जहाज पळवलं, डिसेंबरच्या मध्यावर मर्स्क, एमएससी, हापाग-लॉईडसारख्या मोठ्या कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळायचं ठरवलं आणि आशिया-युरोप वाहतूक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाऊ लागली. फेरीमागे दहा ते चौदा दिवस वाढले. सुएझ कालव्याचं २०२३ चं उत्पन्न १० अब्ज डॉलरच्या वर होतं. ते २०२४ मध्ये चार अब्जांच्या आसपास आलं.

माल पंधरा दिवस उशिरा आला, एवढाच याचा अर्थ नव्हे. पंधरा दिवसांनी का होईना, तो येतोच. खरी अडचण अशी की फेरी लांबली की तितकाच माल न्यायला जास्त जहाजं लागतात. जगातली जहाजं तेवढीच असतात, म्हणून सुएझशी काडीचाही संबंध नसलेल्या मार्गांवरही भाडं चढतं. मुंबईहून दुबईला माल पाठवणाऱ्याला वाटतं की आपल्या वाटेवर तर सगळं सुरळीत आहे. त्याचा कंटेनर मात्र रॉटरडॅमहून रिकामा परत यायला दोन आठवडे जास्त लागलेले असतात. 'ड्रुरी' ही संस्था कंटेनरभाड्याचा निर्देशांक काढते. ४० फुटी कंटेनरचा तिचा आकडा कोविडच्या आधी १,४०० डॉलरच्या आसपास असे. सप्टेंबर २०२१ मध्ये तो १०,३७७ डॉलरवर गेला आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा ५,९०० च्या घरात. २०२३ च्या दुष्काळात पनामा कालव्याला पाणी कमी पडलं आणि रोजची जहाजं ३६ वरून २२ पर्यंत आणावी लागली, तेही याच गणितात धरायचं.

आता लातूरच्या मुख्य विषयाकडे येऊ. तो विषय सोयाबीन. जिल्ह्यातलं खरिपाचं बहुतांश रान याच एका पिकाखाली असतं. त्याचा भाव लातूरच्या आडत बाजारात निघतो आणि आसपासचे पाच-सहा जिल्हे तो पाहून आपला भाव ठरवतात.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२३-२४ च्या तेलवर्षात ही आयात १६० लाख टनांच्या आसपास होती. त्यात तीन तेलं मोठी, आणि तिघांच्या समुद्रवाटा वेगळ्या. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून मलाक्काच्या बाजूने येतं, त्याला सुएझ माहीतच नाही. सोयातेल मुख्यतः अर्जेंटिनाहून येतं. पराना नदीवरच्या रोसारिओच्या बंदरांत भरलेला टँकर दक्षिण अटलांटिक ओलांडून आफ्रिकेला वळसा घालूनच कांडल्याला किंवा मुंद्र्याला पोचतो. म्हणजे सगळं जग २०२४ मध्ये ज्या वाटेला लागलं, ती सोयातेलाची रोजचीच वाट आहे. उरलं सूर्यफूल. ते युक्रेन-रशियातून काळ्या समुद्रातून निघतं आणि सुएझ व तांबड्या समुद्रातूनच येतं. 'तांबड्या समुद्रातल्या संकटामुळे खाद्यतेल महागणार' अशा बातम्या जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे भरपूर आल्या, पण तसं फारसं झालं नाही, त्याचं कारण या नकाशात आहे. तीनपैकी एकच वाट बिघडली होती, आणि त्या वाटेनेही रशियाशी नातं असलेली बरीच जहाजं जातच राहिली.

२०२१ आणि २०२२ ची गोष्ट वेगळी होती, कारण तेव्हा एकाहून जास्त वाटा एकदम बिघडल्या. २०२१ मध्ये पराना नदीची पातळी १९४४ नंतर सर्वांत खाली गेली. रोसारिओत जहाजं पूर्ण भरता येईनात, अर्धीमुर्धी भरून सोडावी लागली. कंटेनरभाडं आकाशात होतं, चीनची खरेदी जोरात होती आणि आपल्याकडे आधीच्या हंगामात पावसाने काढणीच्या वेळी सोयाबीनचं नुकसान झालं होतं. पुढच्या वर्षी २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली आणि सूर्यफूल तेल मिळेनासं झालं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली. ती बंदी २३ मेला उठली.

सोयाबीनचा शेतकरी या काळात खूश असायला हवा होता, आणि काही महिने होताही. २०२१ च्या ऑगस्टच्या आगेमागे लातूरला क्विंटलला दहा हजारांचा भाव निघाला. पण तो भाव तेलाने काढला नव्हता. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ किलोच्या आसपास, बाकी ८० किलोच्या वर पेंड, बाजारात जिला डीओसी म्हणतात. ही पेंड कोंबडीखाद्यात जाते. भाव ठरवते ती पेंड, तेल तिच्या मागे चालतं. तेव्हा डीओसी टनाला लाखाच्या घरात गेली होती. कुक्कुटपालकांनी ओरड केली, आणि ती खोटी नव्हती. सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. जे बी भारतात पेरायला मनाई आहे, त्याची पेंड न्हावा शेवा बंदरातून आणि बांगलादेशच्या सीमेवरून आत आली. नवं पीक निघायला तेव्हा महिना-सव्वा महिना होता. दसरा-दिवाळीपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास उतरले.

पुढे एकामागून एक निर्णय आले. ऑक्टोबरात तेल-तेलबियांवर साठामर्यादा लागली. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन, सोयातेल, कच्चं पामतेल, मोहरी, हरभरा यांचे वायदे बंद केले. मे २०२२ मध्ये दरवर्षी २० लाख टन कच्चं सोयातेल आणि तेवढंच सूर्यफूल तेल शून्य शुल्काने आणायची सोय झाली. यातला एकेक निर्णय त्या त्या दिवशी समर्थनीय होता, हे मला मान्य आहे. फोडणीचं तेल लिटरला दोनशेच्या जवळ गेलं असताना कुठलंही सरकार हातावर हात ठेवून बसणार नाही. प्रश्न नंतरचा आहे. २०२३ मध्ये समुद्र निवळला, तेल स्वस्त झालं, ब्राझीलचं पीक भरघोस आलं, सोयाबीन पाच हजारांच्या खाली आलं आणि तिथून चार हजारांच्या आसपास. हमीभाव २०२३-२४ ला ४,६०० रुपये होता, २०२४-२५ ला ४,८९२. आयात शुल्क मात्र २०२१-२२ च्या आणीबाणीत उतरवलं होतं तिथेच राहिलं. ते वाढवलं सप्टेंबर २०२४ मध्ये, कच्च्या तेलावर शून्यावरून २० टक्के. तेव्हा महाराष्ट्रात विधानसभेचे पडघम वाजत होते. ३० मे २०२५ ला ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. म्हणजे चढत्या भावाला आवरायला काही आठवडे लागले, पडत्या भावाकडे लक्ष जायला दीड वर्ष.

शुल्क वाढवूनही भाव उठला नाही, यात नवल नाही. तेलाला आधार मिळाला, पण ८० किलो पेंडीचं काय? इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा-तांदळाचा जो चोथा निघतो, तो कोंबडीखाद्यात स्वस्तात मिळू लागला होता, आणि परदेशात आपली पेंड अर्जेंटिनाच्या पेंडीपुढे महाग पडत होती. आपली पेंड जनुकीय बदल न केलेल्या सोयाबीनची, म्हणून जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्समधले काही खरेदीदार तिला चार पैसे जास्त देतात. हे सगळे देश सुएझच्या पलीकडे आहेत. ती वाढीव किंमत भाड्यात खाल्ली गेली.

हे सगळं आडतीवर कसं उतरतं ते पाहायचं तर सौद्याच्या वेळी तिथे उभं राहावं. गोणी सोडून ढीग लावलेला असतो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेतो, हलवतो, एखादा दाताखाली धरतो. दाणा कटकन फुटला की हवा कमी, दबला की जास्त. 'हवा' म्हणजे ओलावा. तेल गाळणाऱ्या प्लँटची अट १०-२-२ अशी: ओलावा १० टक्के, माती-काडी २, डागी दाणे २. त्याच्या वर गेलं की कपात. सकाळीच त्याच्या फोनवर प्लँटचे भाव आलेले असतात, शिकागोचा सोयाबीन वायदा आणि मलेशियाचा पाम वायदाही तो पाहून आलेला असतो. शेतकऱ्याला कालचा सौदा ठाऊक असतो. पूर्वी एनसीडीईएक्स या देशी वायदेबाजारातला वायदा निदान दोघांना सारखाच दिसायचा. पुढच्या दोन महिन्यांनंतर बाजार कुठे असेल याचा अंदाज गावातल्या पोरालाही मोबाइलवर मिळत असे. तो वायदा २०२१ पासून बंद आहे, आणि बंदीला मुदतवाढ मिळत मिळत ती मार्च २०२५ मध्ये आणखी एका वर्षासाठी पुढे गेली. समुद्रातल्या बातमीचा अर्थ लावायचं एकमेव देशी साधन त्याच काळात काढून घेतलं गेलं, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज होती. वायद्यामुळे सट्टा होतो, हा आक्षेप मला माहीत आहे. बंदीच्या काळात भाव काही कमी हेलकावले नाहीत.

शेतकऱ्यांनी यातून स्वतःचा एक धडा घेतला, आणि तो महागात गेला. २०२१-२२ ला ज्यांनी दिवाळीत माल विकला नाही, त्यांना पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सात हजारांच्या वर मिळाले. २०२२-२३ ला म्हणून गावोगाव घराघरांत गोण्या लागल्या, की यंदाही भाव येईल. आला नाही. वर्षभर सांभाळलेलं सोयाबीन पाच हजारांत गेलं. पहिल्या वर्षीचा भाव काळ्या समुद्रातल्या युद्धाने दिला होता, आणि ते दरवर्षी होत नाही. २०२४ च्या हंगामात सरकारने हमीभावाने राज्यात ११ लाख टनांच्या पुढे खरेदी केली. पण आधी ओलाव्याची १२ टक्क्यांची अट आडवी आली. ती १५ वर नेली, तर बारदाना संपला. तागाच्या गोणीअभावी तेलबियांची खरेदी थांबावी, यावर काय बोलावं!

खताची कथा याच्या उलट्या अंगाने जाते. तिथे भाव हलत नाही, माल हलतो. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना बांधलेली आहे. मे २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय भाव चढल्यावर गोणी १,९०० ला गेली, तेव्हा केंद्राने अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केलं आणि शेतकऱ्याला ती १,२०० लाच दिली. युद्धाच्या वर्षी, २०२२-२३ ला, देशाचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. समुद्रातल्या भाड्याचा आणि टंचाईचा बोजा तिजोरीने उचलला, हे श्रेय द्यायला हवं. पण किंमत बांधली आणि माल आला नाही, तर तो बोजा रांगेच्या रूपाने येतो. निम्म्याहून जास्त डीएपी आयात होतं. जे इथे बनतं त्यासाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल आणि रॉक फॉस्फेटही मोरोक्को, जॉर्डन, सेनेगलसारख्या देशांतून येतं. मोरोक्कोचा आणि रशियाचा माल सुएझच्या वाटेचा. जॉर्डनचं अकाबा बंदर तर तांबड्या समुद्राच्याच टोकावर. चीनने २०२१ पासून निर्यातीला लगाम घातलेला. २०२४ मध्ये केंद्राने स्वतःच सांगितलं की तांबड्या समुद्रामुळे खताच्या जहाजांना साडेसहा हजार किलोमीटरचा वळसा पडतो आहे. आयातदाराला १,३५० ची गोणी परवडेना, म्हणून टनाला ३,५०० रुपयांचं खास साहाय्य द्यावं लागलं आणि ते पुढे वाढवावंही लागलं.

दुकानात याचं रूप 'लिंकिंग'. डीएपी हवं तर सोबत नॅनो युरियाची बाटली, नाहीतर एखादं सूक्ष्म अन्नद्रव्य घ्यावं लागतं. नियमाने हे चालत नाही, टंचाईत चालतं. अनुभवी शेतकरी अशा वेळी वाद घालत नाही. तो दहा-सव्वीस-सव्वीस घेतो, नाहीतर सिंगल सुपर फॉस्फेट आणि थोडा युरिया मिळवून काम भागवतो. कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं सांगत होती की सोयाबीनला स्फुरदाबरोबर गंधक लागतं आणि सुपर फॉस्फेटमधून ते मिळतं. विद्यापीठाचं जे ऐकलं गेलं नाही, ते हुथींनी ऐकवलं. सुपर फॉस्फेटलाही रॉक फॉस्फेट बाहेरूनच आणावं लागतं, हा भाग आहेच.

एक नकाशा इथेही पाहण्यासारखा आहे. सौदी अरेबियाचं डीएपी पर्शियन आखातातल्या रास अल-खैर बंदरातून निघतं. त्याला तांबडा समुद्र लागत नाही, होर्मुझची सामुद्रधुनी लागते. कतारचा वायू आणि युरिया त्याच बाजूचा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्ध बारा दिवस चाललं तेव्हा होर्मुझ बंद झाली नाही, पण विम्याचे दर तेवढ्यावरच चढले. एका समुद्रातून सुटका करून घ्यायला आपण दुसऱ्या अरुंद तोंडाशी जास्त बांधले गेलो आहोत. युरियाच्या बाबतीत हा धोका डीएपीपेक्षा मोठा आहे, कारण इथे बनणारा युरियाही आयात केलेल्या वायूवर चालतो.

तुरीचं थोडक्यात सांगतो. लातूर-उदगीरच्या डाळमिल स्थानिक तुरीवर उभ्या राहिल्या. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिरणी वर्षभर चालवायची तर म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावीची तूर लागते. २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरात निर्यातदारांच्या आपसांतल्या वादातून भारतात यायची तूर अडकली. युद्ध नाही, चाचे नाहीत, कालवा नाही, कोर्टकज्जा! तेव्हा देशात तूर आधीच दहा हजारांच्या वर होती. उपाय तोच झाला: तुरीची शुल्कमुक्त आयात पुढे चालू, आणि डिसेंबर २०२३ पासून पिवळा वाटाणाही शुल्कमुक्त. कॅनडा-रशियाच्या वाटाण्याचे ढीग आले. २०२५ च्या सुरुवातीला आपल्या तुरीचा भाव ७,५५० च्या हमीभावाला टेकला, काही ठिकाणी खाली गेला. वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागलं ते १ नोव्हेंबर २०२५ ला. सोयाबीनच्या चित्राची ही नक्कलच म्हणायची.

जे इथून बाहेर जातं, त्याचा हिशोब वेगळा. वसमत, हिंगोली, नांदेडची हळद उकडून, वाळवून, पॉलिश करून ठेवली की गोदामात वर्ष काढते. कंटेनर मिळत नसेल तर व्यापारी थांबतो, भाडं उतरल्यावर पाठवतो. अर्धापूरच्या केळीला ही चैन नाही. हिरवा घड कापला, धुतला, खोक्यात भरला आणि १३-१४ अंशांच्या रीफर कंटेनरमध्ये घातला की घड्याळ सुरू. ही केळी इराण, इराक आणि आखाती देशांत जातात. वाट जवळची, तांबड्या समुद्राच्या अलीकडची. पण रीफर कंटेनर जगात मोजके असतात आणि ते आफ्रिकेच्या वळशात अडकले की इथे तुटवडा पडतो. अशा वेळी निर्यातीसाठी राखलेली बाग एका रात्रीत स्थानिक भावाला येते. घड थांबत नाही, आणि कापणीला आलेले व्यापारी हे ओळखून असतात. हळदीला साठवणूक वाचवते, केळीला फक्त वेळेवर सुटणारं जहाज. एकाच तालुक्यातल्या दोन शेजाऱ्यांना एकाच बातमीचा असा वेगळा हिसका बसतो.

हे सगळं नवं नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांना वेढा घातला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मुंबईत सोन्याचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांसारखे लोक त्यावर चढले, दख्खनच्या काळ्या मातीत जिथे जमेल तिथे कापूस पेरला गेला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, भाव कोसळले, १ जुलैला मुंबईचा शेअरबाजार बुडाला. शेतकऱ्याकडे वाढलेला सारा आणि सावकाराचं कर्ज उरलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळल्या, त्याच्या कारणांत ही दहा वर्षांपूर्वीची मंदी इतिहासकार धरतात. नांदेड-लातूर तेव्हा निजामाकडे. तिथे कापूस धंद्याच्या रूपात नंतर स्थिरावला. गोदाकाठची रेल्वे १९०० च्या सुमारास आली, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोचली, नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. रूळ आले तेव्हाच समुद्र जवळ आला.

आणखी एक आठवण साठीच्या पुढच्या कुठल्याही मराठवाडी माणसाला असते: १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. ती ज्वारी जहाजाने आली, आणि सुएझ कालवा तेव्हा बंद होता. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात बंद झालेला तो कालवा १९७५ मध्येच उघडला. आठ वर्षं जगाने आफ्रिकेला वळसा घातला. २०२३ नंतरच्या दोन वर्षांच्या वळशाला 'अभूतपूर्व' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

उपाय म्हणून सध्या जे बोललं जातं त्यातलं बरंचसं काँक्रीटचं आहे. जालन्याच्या ड्राय पोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं. ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला, आणि ज्यांची जमीन जाते त्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. रस्ता चांगला झाला तर ट्रकभाडं वाचेल, केळी चार तास लवकर पोचतील. मी त्याच्या विरोधात नाही. पण या लेखात आलेला एकही धक्का खराब रस्त्यामुळे बसलेला नाही. जहाजं स्वतःची असावीत हा विचार जास्त मुळाशी जातो. भारत परदेशी जहाज कंपन्यांना वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडं देतो, असं पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं आणि जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांची 'लॉयल्टी' ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली तेव्हापासूनचं हे स्वप्न आहे. तरीही हुथींचं क्षेपणास्त्र झेंडा बघून थांबेल याची खात्री नाही, आणि देशी जहाजालाही भाडं बाजाराचंच लागणार.

लातूरच्या सौद्यापुरतं पाहिलं तर गरज लहान आणि कमी खर्चाची आहे. आयात शुल्क हमीभावाशी बांधावं: भाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप चढावं, ठरावीक पट्ट्याच्या वर गेला की उतरावं, निवडणूक असो वा नसो. वायदे पुन्हा सुरू व्हावेत. आणि माल थांबवण्याची ताकद शेतकऱ्याकडे यावी. यासाठी एक योजना आपल्याकडे ३५ वर्षं जुनी आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालते. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा, हळद ठेवायची, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, व्याज सहा टक्के, मुदत १८० दिवस. हे १८० दिवस काढणीनंतरच्या मंदीसाठी ठरवलेले आहेत. ऑक्टोबरात ठेवलेलं एप्रिलमध्ये सोडवायचं. सुएझच्या सहा दिवसांना ही मुदत पुरून उरते. तांबडा समुद्र टाळणारा वळसा मात्र दोन वर्षं चालला. लांबलेल्या धक्क्याच्या वर्षी ही मुदत वाढवायचा अधिकार पणन मंडळाला द्यायचा, गोदामांची क्षमता तालुक्याच्या पिकाच्या प्रमाणात आणायची आणि तारणाची पावती बँकेत चालेल अशी करायची, एवढं झालं तरी दिवाळीच्या आठवड्यात लातूरच्या आडतीवर येणाऱ्या गोण्या निदान काही प्रमाणात घटतील.